लफडं त्याचं, पावती तिच्या नावावर

प्रश्न असा आहे: "१९८७ मध्ये गॅरी हार्ट यांना बोटीवरच्या एका फोटोपायी अध्यक्षपदाची शर्यत सोडावी लागली. मग २०१६ मध्ये ती टेप बाहेर येऊनही ट्रम्प निवडून कसे आले? आणि २०२४ मध्ये कोर्टाचे निकाल विरोधात जाऊनही पुन्हा कसे आले? अमेरिकन मतदाराला लफड्यांचं काहीच वाटेनासं झालंय का? बाई उमेदवाराला वेगळा न्याय लावतात हे खरं, की हरल्यानंतरची सबब?"

आधी मी कुठून बोलते ते सांगते. १९९१ पासून सव्वीस वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या विदेश डेस्कवर होते. अमेरिकेत राहून वार्तांकन केलेलं नाही. एजन्सीची कॉपी मराठीत आणायची, मथळा द्यायचा, जागा कमी पडली की कुठलं वाक्य कापायचं ते ठरवायचं, एवढंच काम. सात अध्यक्षीय निवडणुका हाताखालून गेल्या, पुढच्या दोन घरी बसून पाहिल्या. त्यामुळे माझं उत्तर बरंचसं शब्दांच्या वाटेने जाईल, ते चालवून घ्या.

हार्ट यांच्याबद्दल एक दुरुस्ती. फोटोने ते गेले नाहीत. 'मायामी हेरल्ड'ने त्यांच्या वॉशिंग्टनच्या घरावर पाळत ठेवून ते एका तरुणीबरोबर असल्याची बातमी ३ मे १९८७ ला छापली. त्यानंतर न्यू हॅम्पशायरमधल्या पत्रकार परिषदेत 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या वार्ताहराने सरळ विचारलं, तुम्ही कधी व्यभिचार केला आहे का? असा प्रश्न अध्यक्षपदाच्या उमेदवाराला तोंडावर विचारायची तोवर रीत नव्हती. हार्ट उत्तर देईनात, आणि ८ मे रोजी त्यांनी माघार घेतली. मांडीवर बसलेल्या त्याच तरुणीचा, डॉना राइस यांचा, तो प्रसिद्ध फोटो 'नॅशनल एन्क्वायरर'मध्ये आला तो त्यानंतर. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात क्रम उलटा बसलाय, कारण आठवणीत राहते ती मांडीवरची बाई.

आता तुमचा खरा प्रश्न. लफड्याने उमेदवार पडतो का, याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. मी निवडणुकांची कॉपी करत असताना जे दर वेळी एकसारखं दिसलं ते दुसरंच होतं: भानगड पुरुषाची असते आणि पावती फाटते कुठल्या तरी बाईच्या नावाने. कधी बायकोच्या, कधी तक्रार करणारीच्या, कधी समोरच्या उमेदवार बाईच्या. हे लक्षात घेतलं की हार्ट आणि ट्रम्प यांच्यातला फरक निम्मा कळतो. उरलेला निम्मा परिस्थितीचा आहे, तो आधी सांगून टाकते.

हार्ट यांची बातमी फुटली तेव्हा पहिल्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाला, नऊ-दहा महिने होते. डेमोक्रॅट मतदाराला दुसरे उमेदवार होते, देणगीदाराला दुसरीकडे पैसा वळवता येत होता. बायकांना विचारल्याशिवाय हात घालण्याबद्दल बोलणाऱ्या ट्रम्प यांची टेप आली ७ ऑक्टोबर २०१६ ला. मतदान ८ नोव्हेंबरला, मतपत्रिका छापून झालेल्या, कित्येक राज्यांत आगाऊ मतदान सुरूही झालेलं. रिपब्लिकन मतदारापुढे तेव्हा 'हा नाही तर दुसरा रिपब्लिकन' असा प्रश्न नव्हता. 'हा नाही तर हिलरी' असा होता. वर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्कालिया यांची जागा फेब्रुवारीपासून रिकामी होती, आणि ती कोण भरणार हे नव्या अध्यक्षावर होतं. ज्याला गर्भपातबंदी हवी होती त्याने नाक दाबून मत दिलं. म्हणजे मतदाराला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे हे पाहून त्याने ठरवलं. तीच टेप आदल्या वर्षी, सोळा-सतरा उमेदवार रिंगणात असताना आली असती, तर गोष्ट वेगळी होण्याची शक्यता बरीच होती.

२०२४ चंही तसंच. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या दिवाणी ज्युरीने ट्रम्प यांना लेखिका ई. जीन कॅरोल यांच्यावरील लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी जबाबदार धरलं, ५० लाख डॉलर भरपाई ठरवली. पुढच्या जानेवारीत दुसऱ्या ज्युरीने आणखी ८ कोटी ३३ लाख. मे २०२४ मध्ये हिशेबाच्या नोंदी खोट्या केल्याच्या ३४ गुन्ह्यांत फौजदारी दोष सिद्ध झाला. मुळात होते पॉर्न अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांना ट्रम्प यांच्याशी आलेल्या संबंधांबद्दल २०१६ च्या मतदानाआधी गप्प राहण्यासाठी दिलेले १ लाख ३० हजार डॉलर. पण हे निकाल आले तोवर माणसांनी बाजू कधीच घेतल्या होत्या. एका बाजूला ते निकाल गुन्ह्याचा पुरावा होते, दुसऱ्या बाजूला ट्रम्प यांच्या छळाचा. शिवाय महागाई होती.

आता पावतीकडे.

मी डेस्कवर रुजू झाले त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, अनिता हिल यांची साक्ष आली. पीटीआयच्या टेलिप्रिंटरमधून कागदाचा रोल खाली लोळत होता आणि मला, सगळ्यांत नव्या उपसंपादिकेला, ती कॉपी फाडून दिली गेली. क्लॅरेन्स थॉमस यांना बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं होतं. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या हिल सांगत होत्या की साहेब ऑफिसात अश्लील बोलायचे, मागे लागायचे. थॉमस यांनी सगळं नाकारलं. मी अडले ते शब्दावर. 'सेक्शुअल हॅरॅसमेंट'ला मराठीत तेव्हा रुळलेला शब्द नव्हता. आपल्याकडे कामाच्या जागच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल यायला १९९७ उजाडायचं होतं. वरिष्ठ म्हणाले, 'विनयभंग' लिही. मी म्हटलं, हात लावल्याचा आरोपच नाही. मग 'छेडछाड' लिही. छेडछाड म्हटलं की कॉलेजचा नाका डोळ्यांपुढे येतो, सिनेटची सुनावणी नाही. शेवटी छापून आलं 'अनिता हिल प्रकरण'. आरोप थॉमस यांच्यावर, प्रकरण हिल यांचं.

पुढे सात वर्षांनी तेच. १९९८ भर मी स्वतः 'मोनिका प्रकरण' असा मथळा किती वेळा दिला असेल त्याला गणती नाही. अध्यक्ष क्लिंटन बावन्न वर्षांचे, विवाहबाह्य संबंधांबद्दल शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप त्यांच्यावर, महाभियोग त्यांच्यावर, आणि मथळ्यात नाव बावीसाव्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये इंटर्न म्हणून आलेल्या मुलीचं. तेही पहिलं नाव, शेजारच्या गल्लीतली असल्यासारखं. क्लिंटन यांना आम्ही कधी 'बिल' म्हटलं नाही. चार अक्षरांचा फरक नसतो हो हा, मथळ्याच्या रुंदीत दोन्ही बसतात. मी बसवून पाहिलंय, पण तेव्हा नाही, नंतर.

हे काही टीव्हीच्या जमान्याचं देणं नाही. १८८४ ची निवडणूक बघा. ग्रोव्हर क्लीव्हलँड उमेदवार झाले आणि बफेलोच्या एका वर्तमानपत्राने छापलं की मरिया हाल्पिन नावाच्या विधवा बाईला त्यांच्यापासून मूल आहे. क्लीव्हलँड यांनी आपल्या माणसांना तार केली, खरं ते सांगा. त्यांच्या या सचोटीचं आजही कौतुक होतं. समोरचे उमेदवार ब्लेन पैशाच्या व्यवहारात अडकलेले. तेव्हा क्लीव्हलँडवाल्यांचा युक्तिवाद असा की हा खासगीत घसरला पण सरकारी कामात चोख, तो उलट. तर ज्याला जे जमतं तिथे त्याला पाठवा, याला सरकारात, त्याला घरी. विरोधक मोर्च्यात 'आई, आई, बाबा कुठे?' अशी आरोळी द्यायचे. क्लीव्हलँड जिंकले, न्यूयॉर्क राज्यात जेमतेम हजार-अकराशे मतांनी, आणि त्यांच्या लोकांनी आरोळी पुरी केली, 'व्हाइट हाउसला गेले, हा हा हा!' या सगळ्यात हाल्पिन कुठे होत्या? मूल अनाथाश्रमात गेलं होतं, त्यांना स्वतःला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं होतं. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी शपथपत्रावर सांगितलं की क्लीव्हलँड यांनी जबरदस्ती केली होती. सचोटीच्या कथेत हे शपथपत्र सहसा येत नाही. आणि ज्यांना ते मनापासून वाचावंसं वाटलं असतं त्या बायकांना मतच नव्हतं. ते मिळालं १९२० मध्ये.

त्याच्याही आधी, १८७२. व्हिक्टोरिया वुडहल अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, अमेरिकेतली पहिली बाई. बाई तशी भन्नाट होती. बहिणीबरोबर वॉल स्ट्रीटवर दलालीची पेढी काढलेली, स्वतःचं साप्ताहिक चालवायची. हेन्री वॉर्ड बीचर हे त्या काळचे फार मोठे धर्मोपदेशक. त्यांचे मित्राच्याच बायकोशी संबंध आहेत असं तिने आपल्या साप्ताहिकात छापलं. बीचर यांना तेव्हा कोणी हात लावला नाही. वुडहलला २ नोव्हेंबरला अटक झाली, टपालाने अश्लील मजकूर पाठवल्याबद्दल. ५ नोव्हेंबरला मतदान झालं तेव्हा उमेदवार तुरुंगात. ती जिंकणार नव्हतीच, वय पस्तिशीच्या आतलं असल्याने पात्रही नव्हती. पण माझ्या म्हणण्याला याहून चोख दाखला मला सापडलेला नाही: लफडं उपदेशकाचं, कोठडी छापणारीला.

आता २०१६ जवळून सांगते, कारण ती रात्र माझ्या ड्यूटीची होती. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. नवरात्र चालू होतं, रस्त्यावर अजून ढोल वाजत होते, शहर आवृत्तीचं पान सुटायला वीस मिनिटं. तेवढ्यात ती टेप आली. २००५ मधलं बोलणं, बसमधलं, माइक चालू राहिलेला. त्यात ट्रम्प जे सांगत होते ते बायकांना विचारल्याशिवाय कुठे हात घालता येतो याबद्दलचं होतं, आणि स्टार असलं की त्या करू देतात हेही. मी मथळा दिला होता त्यात 'संमतीशिवाय' हा शब्द होता. पान सुटलं तेव्हा मथळा झाला होता 'महिलांविषयी अश्लील वक्तव्य'. रात्रपाळीच्या प्रमुखांचं म्हणणं, घराघरात पेपर जातो, नवरात्रात असलं नको. त्यांची अडचण मला कळते. पण 'अश्लील' या एका शब्दाने गुन्ह्याची कबुली वाटावं असं बोलणं शिवराळपणाच्या खात्यात जाऊन पडलं. ट्रम्प यांनीही नेमकं तेच म्हटलं, लॉकर रूममधल्या गप्पा आहेत. कट्ट्यावरचं बोलणं, एवढंच. अमेरिकेच्या उमेदवाराचा बचाव आम्ही पुण्यात बसून, त्यांनी तो करायच्या आधीच करून टाकला होता.

दोन दिवसांनी सेंट लुईसला दुसरी जाहीर चर्चा. आपल्याकडे सोमवारची सकाळ, साडेसहा. चर्चेच्या थोडं आधी ट्रम्प चार बायकांना घेऊन पत्रकारांसमोर बसले. त्यातल्या तिघींचे आरोप बिल क्लिंटन यांच्यावरचे. मग त्या सभागृहात येऊन बसल्या. आता मांडणी बघा. टेप एका पुरुषाची, जुने आरोप दुसऱ्या पुरुषावरचे, आणि उभं राहून उत्तर द्यायचं हिलरींनी. इथे एक मान्य केलं पाहिजे: ट्रम्प यांनी वापरून घेतलं म्हणून त्या बायकांच्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. त्यांतल्याच पॉला जोन्स यांनी १९९४ मध्ये बिल यांच्यावर दावा लावला तेव्हा डेमोक्रॅटांनी आणि बऱ्याच स्त्रीवादी म्हणवणाऱ्यांनीही नाकं मुरडली होती. ती उधारी होतीच. फक्त वसुली नवऱ्याकडून न होता बायकोकडून झाली.

यावर कडी झाली २८ ऑक्टोबरला. अँथनी वीनर या माजी काँग्रेस सदस्याने पंधरा वर्षांच्या मुलीला अश्लील संदेश पाठवल्याचा तपास चालू होता. त्याच्या लॅपटॉपवर त्याच्या पत्नीच्या, म्हणजे हिलरींच्या सहायक हुमा अबेदिन यांच्या ईमेल सापडल्या, आणि एफबीआयच्या संचालकांनी काँग्रेसला पत्र लिहून हिलरींच्या ईमेल प्रकरणात (परराष्ट्रमंत्री असताना सरकारी ईमेल खासगी सर्व्हरवर ठेवल्याच्या) नवं काही मिळाल्याचं कळवलं. ६ नोव्हेंबरला त्यांनीच सांगितलं, निष्कर्षात बदल नाही. मतदान दोन दिवसांवर होतं. तिऱ्हाईत माणसाचं लफडं, दोन बायकांच्या अंगावरून जाऊन, उमेदवार बाईच्या दारात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सबब नाही, खरंच आहे. थांबा. खासगी सर्व्हर ठेवायचा निर्णय हिलरींचाच होता, तो कोणी त्यांच्यावर लादला नव्हता. उमेदवारी मिळाल्यावर त्या विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत आणि विस्कॉन्सिन गेलं. एकूण मतं त्यांना सुमारे २९ लाखांनी जास्त होती, म्हणजे 'अमेरिका बाईला मत देत नाही' हेही तितकंसं खरं नाही. कमला हॅरिस यांना तर प्रचाराला १०७ दिवस मिळाले, आणि पाठीवर मावळत्या सरकारचं ओझं. बाई असणं त्यात किती आणि बाकीचं किती, हे तोळामाशाने मोजून देणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बायका बाईला मत देतील हे गृहीतकही असंच. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या बायकांतल्या निम्म्याहून अधिक ट्रम्प यांच्याकडे दिसल्या. नंतरच्या प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या तपासणीत ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं, तरी ते हिलरींपेक्षा जास्तच.

रडण्याचं घ्या. १९७२ मध्ये डेमोक्रॅट उमेदवारीसाठी उभे असलेले एडमंड मस्की बायकोवरच्या टीकेने संतापून न्यू हॅम्पशायरमध्ये एका वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर बर्फात उभं राहून बोलले. गालावर आसवं होती की वितळलेलं बर्फ यावर वाद झाला, पण पुरुष असून ते त्यात बुडाले. काँग्रेस सदस्य पॅट श्रोडर हार्ट यांच्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या. हार्ट शर्यतीतून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतः उभं राहायचा विचार केला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये 'नाही' सांगताना त्यांना रडू आलं. त्यावर इतकी टिंगल झाली की पुढे त्या रडणाऱ्या पुढाऱ्यांच्या बातम्यांची फाइलच ठेवू लागल्या. आणि २००८ मध्ये पोर्ट्समथच्या कॅफेत हिलरींचा आवाज भरून आला, दुसऱ्या दिवशी त्या न्यू हॅम्पशायर जिंकल्या. तेव्हा नियम करू नये.

पण एक फरक पक्का दिसतो, तो भानगड कशाला म्हणायचं यातला. बाई उमेदवाराची भानगड बहुधा घरातून काढली जाते. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि प्रश्न सुटले ते नवऱ्याच्या बांधकाम-जमिनीच्या धंद्यावर. पावणेदोन-दोन तास त्यांनी पत्रकारांना एकटीने उत्तरं दिली. मिसिसिपीत एका वयस्क नेत्याने त्यांना विचारलं, ब्लूबेरी मफिन करता येतात का? "येतात की. तुम्हाला?" त्या म्हणाल्या. उपाध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवार सारा पेलिन यांच्या कपड्यांवर पक्षाने दीड लाख डॉलर खर्च केले तो २००८ चा मोठा विषय झाला. आता डेमोक्रॅट जॉन एडवर्ड्स यांच्या चारशे डॉलरच्या हजामतीचीही खिल्ली उडाली होती, हे खरं. पण बायको कॅन्सरशी झुंजत असताना त्यांचं बाहेर प्रकरण होतं हे उघड झाल्यावर वर्तमानपत्रांनी बराच काळ चर्चा केली ती बायकोने काय करायला हवं होतं याची.

आपली मराठी यात निर्दोष नाही. तिसऱ्या चर्चेत ट्रम्प हिलरींना 'नॅस्टी वुमन' म्हणाले. माझ्या सहकाऱ्याने पटकन लिहिलं 'कजाग बाई'. चपखल होतं, हसूही आलं. मग लक्षात आलं, 'कजाग पुरुष' आपण म्हणतच नाही. इंग्रजीतला शब्द कोणालाही लागतो, आपण त्याला घागरा नेसवला. आम्ही शेवटी 'वाईट बाई' केलं. मिळमिळीत झालं, हे कबूल. २०२४ मध्ये ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांचं २०२१ मधलं 'चाइल्डलेस कॅट लेडीज' वर आलं तेव्हा मी निवृत्त होते. डेस्कवरच्या एका मुलाने फोन करून विचारलं, 'वांझ' लिहू का? म्हटलं, अजिबात नको, मूलबाळ नसलेल्या आणि मांजरी पाळणाऱ्या बायका असं सरळ लिही, जागा लागली तर लागू दे. आणि जाता जाता चौकटीत टाक की राष्ट्रपिता म्हणवले जाणारे जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही स्वतःचं मूल नव्हतं. त्याने टाकलं की नाही ते मी पाहिलं नाही.

शेवटी कुकीचं सांगते. १९९२ मध्ये प्रचारात हिलरी म्हणाल्या होत्या की मी घरी बसून कुकीज भाजू शकले असते, चहापानं करू शकले असते, पण मी माझा व्यवसाय केला. गदारोळ झाला. मग 'फॅमिली सर्कल' मासिकाने उमेदवारांच्या बायकांच्या, म्हणजे बार्बरा बुश आणि हिलरी यांच्या, कुकीजची स्पर्धा लावली आणि हिलरींची ओट्स घातलेली चॉकलेट चिप कुकी जिंकली. आमच्याकडे ती बातमी विदेश पानावर न येता महिला पुरवणीकडे वळवली गेली, कृतीसह. २०१६ मध्ये उमेदवार हिलरीच, म्हणून कृती पाठवायची पाळी बिल यांची. त्यांनी तीच जुनी कृती पाठवली, क्लिंटन कुटुंबाची म्हणून, आणि तीही जिंकली. या वेळी ती पुरवणीत जाऊ दिली नाही. विदेश पानाच्या तळाला, दोन कॉलम चौकट, मी स्वतः लावली.